कपाटामागची भिंत

“ताई, हे ठिवायचं का दाबायचं?”

पप्पू पेंटरनं हे इतकं सहज विचारलं, की राजेश्रीला वाटलं तो एखाद्या जुन्या खिळ्याबद्दल विचारतोय. ती स्वयंपाकघरात डबे आवरत होती. हात पुसत ती बाहेरच्या खोलीत आली. लोखंडी कपाट भिंतीपासून दोन हात पुढं ओढलेलं होतं, अकरा वर्षांत पहिल्यांदाच, आणि त्याच्यामागं जळमटांत, कंबरेएवढ्या उंचीवर, हळदीची पाच बोटं उभी होती. शेजारी कुंकवाची पाच, काळपट पडलेली. हळद मात्र काल लावल्यासारखी पिवळी. तिथं ऊन पोचलं नव्हतं, कुणाचा हात पोचला नव्हता, तिची स्वतःची नजरसुद्धा पोचली नव्हती. पप्पू या नावानं अख्ख्या जिंतूर रोडला माहीत असलेला हा पन्नाशीचा माणूस नाकावरचा चष्मा सावरत शांतपणे उभा होता. त्याला काही घाई नव्हती. घाई राजेश्रीला होती. “दाबा,” ती म्हणाली. “हळद हाय ताई, एका हातात दबत न्हाई. दोन हात मारले तरी कधी कधी वर येती.” “मग तीन मारा,” ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात परत गेली. पोह्यांचा डबा तिनं खालच्या फळीवरून वरच्या फळीवर ठेवला, मग परत खालच्या फळीवर. बाहेर ब्रशचा ओला आवाज येत होता. कपाट पुन्हा तिथंच लागणार होतं. दुसरीकडं मावतच नव्हतं. राहू दिली असती तर कुणाला दिसणार होती? हे तिला सुचलं तेव्हा पप्पू दुसरा हात मारायच्या आधी बिडी ओढायला अंगणात गेला होता.

शनिवारी अकरा वाजता रोहिणी मॅडम येणार होत्या. दत्तक मूल मागणाऱ्यांच्या घरी जायचं, घर बघायचं, माणसं बघायची आणि अहवाल लिहायचा, हे त्यांचं काम. अहवाल बरा गेला की यादीत नाव लागणार. मग तीन वर्षं म्हणा, चार म्हणा, वाट बघायची. अहवाल बरा गेला नाही तर काय होतं, हे राजेश्रीनं कुणाला विचारलं नव्हतं. ती एकोणचाळीस वर्षांची होती, नवरा भागवत त्रेचाळीसचा. सगळं पहिल्यापासून करायला हाताशी वर्षं नव्हती. म्हणून मग दोन खोल्यांच्या घराला पिस्ता रंग लागत होता. औषधं वरच्या फळीवर गेली होती, विळी माळ्यावर, प्लगच्या भोकांना चिकटपट्ट्या. शेजारच्या सत्यशीलाकाकू रोज एक सूचना घेऊन येत. देवघर दारासमोर दिसू दे, अति दिसू देऊ नको; चहा कर, पण चिवडा बशीत घाल, डब्यातून देऊ नको. सहा वर्षांपूर्वी कॉलनीत राहायला आलेल्या काकूंना या घराविषयी सगळं माहीत होतं असं त्यांना वाटे. भागवतनं मानवतच्या आपल्या शाळेतून चित्रांची, गोष्टींची पुस्तकं आणली. ती ऐटीत मांडून झाल्यावर राजेश्रीला दिसलं की प्रत्येकाच्या पहिल्या पानावर शाळेचा जांभळा शिक्का आहे. ती तिनं निमूट पिशवीत भरली. मूल नसलेल्या घरात मुलाचं घर उभं करायचं म्हणजे नाटकाचं सामान लावण्यातलाच प्रकार, असं तिला वाटलं, आणि वाटल्याची लाजही वाटली.

पण खरी भीती सामानाची नव्हतीच. भीती एका रकान्याची होती. राजेश्री अठरा वर्षं कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क होती. दाखले, फॉर्म, जन्मतारखा. रकाना कोरा ठेवून आलेल्या पोरांना ती खिडकीतून परत पाठवी. “काही नसेल तर निरंक लिही, पण कोरं ठेवू नको. आणि खाडाखोड चालायची नाही. चुकलं तर एक आडवी रेघ, वर बरोबर लिही, बाजूला सही.” ऑफिसात तिची यावरून थट्टा चाले. दत्तकाचा अर्ज तिनं स्वतः भरला होता, एका संध्याकाळी, ऑफिस सुटल्यावर, तिथल्याच कॉम्प्युटरवर. नाव, वय, शिक्षण, आजार. ‘आधीची अपत्ये’ असा एक रकाना आला. बोटं थांबली नाहीत. ‘निरंक’ टाइप झालं आणि ती पुढच्या रकान्यावर गेली. खोटं बोलतोय असं तिला वाटलं नाही, हीच तर गोष्ट होती. या घरात ते उत्तर अकरा वर्षं तेच होतं. रेशनच्या यादीवाले आले, दवाखान्यातल्या नर्सनं विचारलं, लग्नाकार्यात कुणी परक्या बाईनं विचारलं, उत्तर एकच. मग पंधरा दिवसांपूर्वी रोहिणी मॅडमचा फोन आला. भेटीची तारीख सांगितल्यावर त्या म्हणाल्या होत्या, “आधीचं काही असेल, आजारपण, बाळंतपण, मोकळेपणानं सांगा. आम्ही सगळं विचारत असतो.” राजेश्री बरं म्हणाली. फोन ठेवला आणि खुर्चीत बसल्या बसल्या तिचे तळपाय गार पडले.

मुलगी नऊ दिवस होती. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा श्रावण चालू होता. राजेश्रीची आई आधीच गेलेली, म्हणून बाळंतपण इथंच झालं. चारठाण्याहून सासू आली, चतुराबाई, सोबत डिंक, बाळंतशोपा आणि स्वतःचा पाटा घेऊन. पाचव्या दिवशी दिवेलागणीला तिनं पाचवी पुजली. पाटा मांडला, वरवंटा उभा केला, सटवाई येऊन नशीब लिहिते म्हणून कोरा कागद आणि पेन ठेवलं. पेन राजेश्रीच्याच पर्समधलं होतं, ऑफिसचं. मग चतुराबाईनं हळदीत, मग कुंकवात हात बुडवून भिंतीवर बोटं उठवली. राजेश्रीला त्या संध्याकाळचं एवढंच नीट आठवायचं: मांडीवरचं ऊन ऊन गाठोडं, डिंकाचा वास आणि सासूचा पिवळा हात. नवव्या दिवशी सकाळी मुलगी दूध ओढेना. तिला दवाखान्यात घेऊन गेलेला भागवत रात्री परत आला तो एकटा आला. चुलतसासऱ्यांनी आणि त्यानं तिला थेट गावाकडं, शेतात नेलं होतं. कुठं, ते राजेश्रीला कुणी सांगितलं नाही. बाळंतिणीला सांगत नाहीत. तेरावं नाही, सुतक नाही. बारसं व्हायचं होतं, नाव ठेवायचं होतं, ते राहिलं. चतुराबाईनं झबली, दुपटी, काजळाची डबी सगळं एका लुगड्यात बांधलं आणि राजेश्रीच्या छातीला घट्ट पट्टा बांधता बांधता म्हणाली, “नाव न्हाई ठिवलेलं. असल्याला मोजत न्हाईत. मोजलं की मागच्याचा पाय आडतो.” म्हणून कुणी मोजलं नाही. महिन्याभरात भागवतनं ते कपाट आणलं, हप्त्यानं, आणि त्या भिंतीला लावलं. जागा दुसरीही होती तेव्हा. मागच्याचा पाय तरीही अडलेलाच राहिला. औरंगाबादचे डॉक्टर झाले, नांदेडचे झाले. कपाटातल्या साड्या काढताना राजेश्री कधीकधी पत्र्याच्या मागच्या बाजूला तळहात टेकून उभी राही, क्षणभरच. ती मुलगी कुठल्या मातीत आहे हे तिला माहीत नव्हतं. ही एवढीच जागा तिला माहीत होती.

“आता बोललो तर आधी खोटं लिव्हलं असं होतंय,” भागवत म्हणाला. गणिताचा मास्तर, सगळं मांडून बघणारा. “खोटं लिव्हणाऱ्याला कोण लेकरू देईल? आणि न्हाई बोललो तर त्यांना कळायचं कुठून? शेजाऱ्यांना माहीत न्हाई. राहिली आई.” त्यानं एका वहीत प्रश्न लिहून काढले होते आणि संध्याकाळी बसमधून उतरून आला की तो ते तिला विचारी. दत्तक का घ्यायलात? मुलाला केव्हा सांगणार? मुलगीच का पाहिजे? या शेवटच्या प्रश्नावर राजेश्री प्रत्येक वेळी अडखळे. “मुलगी घरात असली की घर भरलेलं वाटतं,” असं उत्तर त्यानं लिहून दिलं होतं. ती ते म्हणे, पण म्हणताना नजर कपाटाकडं जाई. “तिकडं बघू नको ना,” तो म्हणे. तिला त्याचा राग येई आणि दयाही येई. रात्री कूस बदलताना त्याचाही डोळा उघडा असतो हे तिला माहीत होतं. अकरा वर्षांत त्यानं एकदाही त्या मुलीविषयी शब्द काढला नव्हता, आणि श्रावणात त्या तारखेला तो कधी शेव्हिंग करत नसे.

शुक्रवारी चतुराबाई आली, जिंतूरला बस बदलून, हातात वांग्यांची पिशवी. नव्या रंगाकडं बघून म्हणाली, “दवाखान्यावानी दिसायलंय.” जेवणं झाल्यावर भागवतनं तिला समोर बसवलं. “आई, उद्या त्या बाई तुला बी विचारतील. जातीबितीचं काढायचं न्हाई.” “मी कशाला काढू?” “कुणाचं कोण, असलं बोलायचं न्हाई.” “न्हाई बोलत.” “आणि...” तो थांबला. राजेश्री ताटं उचलायच्या निमित्तानं उठली. “आणि ते आधीचं. ते न्हाई काढायचं. फारमात न्हाई लिव्हलेलं.” चतुराबाई पदरानं तोंड पुसत राहिली. मग म्हणाली, “न्हाई लिव्हलं?” “न्हाई.” “बरं.” त्या एका ‘बरं’नं राजेश्रीला रात्रभर छळलं. सकाळी दोघं उठायच्या आत तिनं मोबाइलची बॅटरी लावली आणि कपाटाच्या फटीत डोळा घातला. पप्पू म्हणाला होता, वर येती. पिस्ता रंगावर काही दिसत नव्हतं. नाही, काहीतरी पिवळट होतं. नाही, तो उजेडाचाच रंग. आंघोळ झाल्यावर तिनं पुन्हा बघितलं. नऊ वाजता पुन्हा. चहाचं आधण ठेवून पुन्हा. “काय पडलं का त्येच्या मागं?” चतुराबाईनं विचारलं. “पिन पडली, आत्याबाई,” ती म्हणाली. आता हेही खोटं.

रोहिणी मॅडम अकराला पाच कमी असताना स्कूटीवरून आल्या. तोंडाचा स्कार्फ सोडला तेव्हा दिसलं, पोरगीच होती, अठ्ठावीसएक वर्षांची, घामेजलेली. तिनं प्लगच्या चिकटपट्ट्या बघितल्या नाहीत, देवघर बघितलं नाही. पाणी मागितलं आणि सतरंजीवरच बसली. दोघांना वेगवेगळं विचारलं. मूल रडायला लागलं तर आधी कोण उठेल? राग आला की काय करता? तुमचं भांडण कशावरून होतं? वहीतला एकही प्रश्न आला नाही. मुलगीच का, हेही विचारलं नाही. राजेश्रीनं पाठ केलेलं ते वाक्य तसंच राहून गेलं. “कशाची भीती वाटते?” मॅडमनी विचारलं. राजेश्री म्हणाली, “मला जमेल का याची.” मॅडमनी ते लिहून घेतलं. फाइलमध्ये वरच तिच्या अर्जाची छापील प्रत होती. उलट्या बाजूनंही तिला तो रकाना ओळखू येत होता. अठरा वर्षं लोकांचे फॉर्म उलटे वाचण्यात गेली होती.

मग मॅडम चतुराबाईकडं वळल्या. “आजी, हे दोघं मूल दत्तक घ्यायलेत. तुम्हाला कसं वाटायलंय?” राजेश्रीनं मांडीखाली हात दाबून धरले. भागवत छताच्या पंख्याकडं बघत होता. “मला काय वाटायचं? चांगलंच हाय की,” चतुराबाई म्हणाली. “नाती-गोती, जातपात कुणी काही बोललं तर?” “बोलू दे. मी बगते त्यांच्याकडं. मी हाय की अजून.” राजेश्रीनं श्वास सोडला. म्हातारी पास झाली होती. मॅडमही हसल्या. फाइल मिटता मिटता, काही विचारायचं म्हणून नाही, नुसतंच बोलायचं म्हणून म्हणाल्या, “मग काय आजी, पहिलंच नातवंड, लाडच लाड.” सतरंजीचा एक दोरा सुटला होता, तो चतुराबाई बोटाला गुंडाळत होती. “पयलं न्हाई, बाई,” ती म्हणाली. “दुसरं.”

“आई,” भागवत म्हणाला. “तू गप,” चतुराबाई म्हणाली. “काल तू सांगितलं, मी बरं म्हणले. रातभर मला झोप न्हाई. येणाऱ्या लेकराच्या फारमात पयल्या लेकराला न्हाई म्हणायचं? कोणच्या तोंडानं त्याला घरात घ्यायचं मग?” ती गुडघ्यांवर हात देत उठली. “बाई, पयली पोरगी होती. नऊ दिस होती. माझ्या ह्या हातानं पाचवी पुजली मी तिची. खोटं वाटत असंल तर बोटं हायेत तितं, कपाटामागं. भागवत, वड ते कपाट.” भागवत हलला नाही. तेव्हा सत्तरीची ती बाई स्वतःच कपाटाला खांदा लावू लागली, आणि मग तो उठला. पाय घासत कपाट पुढं आलं. राजेश्री सकाळपासून बघत होती ते ती बोटं वर येऊ नयेत म्हणून. आता ती भिंतीकडं बघत होती आणि तिला वाटत होतं, यावीत. एक तरी यावं. पप्पू म्हणाला होता ना, हळद आहे, येते. भिंत पिस्ता रंगाची होती, सपाट, कोरी. पप्पूनं काम चोख केलं होतं. चतुराबाईनं हातानं चाचपलं, खाली, वर, परत खाली. “कुटं गेली?” ती म्हणाली. “हितंच होती.”

“मी दाबायला लावली,” राजेश्री म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. “पेंटरनं विचारलं होतं मला. ठेवायची का म्हणून. मीच नाही म्हणाले.” सासू ओरडेल असं तिला वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं. चतुराबाई भिंतीला हात लावून तशीच उभी राहिली. “मोजू नको म्हणले मी तुला,” ती म्हणाली, “ते तू झुरू नये म्हणून म्हणले गं. अठ्ठावीस वर्साची होतीस. मला काय कमी झुरावं लागलं? मी तर मोजतीच की. दर साली अकरावं, बारावं. ह्या श्रावणात बारावं लागलं तिला.” भागवतनं तोंड फिरवलं आणि खिडकीची कडी उघडली, बंद केली, उघडली. राजेश्रीला रडू येत नव्हतं. तिला फक्त इतकं कळत होतं, की अकरा वर्षं ती या घरात एकटीच आहे असं समजत होती, आणि तसं नव्हतं.

मॅडमनी फाइल पुन्हा उघडली होती. अर्जाची प्रत वर काढून त्या तो रकाना बघत होत्या. हे आता संपलं, राजेश्रीच्या मनात आलं, आणि नवल म्हणजे त्या विचारानं तिचे पाय गार पडले नाहीत. “हे कुणी भरलं?” मॅडमनी विचारलं. “मी. त्यांचा काही संबंध नाही. मीच भरलं, चूक भरलं.” ती उठली, कपाटाच्या लॉकरमधून, दागिन्यांच्या रिकाम्या डबीखालून, दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड काढलं आणि समोर ठेवलं. कार्डावर फक्त ‘बेबी ऑफ राजेश्री’ लिहिलेलं होतं. वजन दोन किलो सातशे. मॅडमनी ते दोन्ही बाजूंनी वाचलं. “मला आता खूप लिहावं लागेल,” त्या म्हणाल्या, “आणि पुन्हा यावं लागेल. एकदा नाही, दोनदा. तुमच्या तिघांशी मला यावर बोलायचंय. वरच्या मॅडमना काय वाटेल ते मी आत्ता सांगू शकत नाही.” “चालेल,” राजेश्री म्हणाली. “दुरुस्ती ऑनलाइन करावी लागेल. पण या प्रतीवरही करून द्या. तारीख टाका.” त्यांनी पेन पुढं केलं.

राजेश्री सतरंजीवर बसली. ‘निरंक’वर तिनं एक आडवी रेघ मारली, आतला शब्द वाचता येईल अशी, नियमाप्रमाणं. वर लिहिलं, ‘एक. मुलगी.’ बाजूला जन्मतारीख, मृत्यूची तारीख. तारखा तिला विचाराव्या लागल्या नाहीत. नावापाशी पेन थांबलं. “न्हाई ठिवलं नाव, तसंच लिव,” चतुराबाई म्हणाली. तिनं ‘नाव ठेवलेले नाही’ असं लिहिलं. मग सही केली. पहिल्यांदाच सही रकान्याबाहेर गेली. खिडकीत कुणी पोरानं आणली असती तर तिनं परत पाठवली असती. फॉर्म सरकवून ती सासूकडं वळली. अकरा वर्षं विचारायचं राहिलेलं ते तिनं शेवटी विचारलं, परक्या बाईसमोर, चहा गार होत असताना. “आत्याबाई, कुठं ठेवलंय तिला?”

“बोरीखाली, वरल्या बांधाला,” चतुराबाई म्हणाली. “दगड लावलाय मी. उद्या चल. दावते.”